कुंपणापलीकडची वीज

९ मे

आजही बागेतली छोटी आगगाडी कुंपणाशीच थांबली!

नॉब पुढे फिरवला, मागे फिरवला, परत पुढे. इंजिन ढिम्म. मागच्या उघड्या डब्यात तव्यावरून नुकते उतरवलेले पाइकलेट, म्हणजे आमचे छोटे गोड पॅनकेक, त्यावर जॅम, वरून रुमाल. ऑस्ट्रेलियातल्या या टूवूम्बाच्या मे महिन्यातल्या थंडीत गार व्हायला कितीसा वेळ लागणार? शेवटी मीच जाऊन उचलून आणले.

अर्थ सरळ आहे. शेजारच्या बेव्हननं त्याच्याकडची वीज बंद केलीय.

कुंपणाच्या अलीकडचे रूळ माझ्या शेडमधल्या पॉवर सप्लायवर, पलीकडचे त्याच्या. माझ्या नवऱ्यानं, रेनं, आणि बेव्हननं हे मुद्दामच तसं केलं होतं. “म्हणजे एकट्याला गाडी चालवताच येणार नाही,” रे म्हणायचा. दोन्हीकडून चालू केलं तरच चक्कर पुरी. पुढे रे गेला. मग बेव्हनची बायको वल्माय गेली — माझी सख्खी मैत्रीण. दोन घरांत दोघंच उरलो. पण सकाळची चहाची गाडी कधी चुकली नाही. इकडून पाइकलेट जायचे, तिकडून लिंबं यायची.

आता चुकली. का, तेही मला ठाऊक आहे. ईस्टरला कुंपणावर कोपरं टेकून त्यानं विचारलं, “ग्लेनिस, हे कुंपण काढून टाकू या का आता?” काय विचारतोय ते न कळायला मी काही कुक्कुलं बाळ नाही. आणि मी काय म्हणाले? “नको रे बाबा, तुझ्याकडच्या झाडांवरचे पॉसम माझे गुलाब खातील!” वर हसलेसुद्धा. त्या क्षणी मला रेची रिकामी खुर्ची दिसत होती, आणि कुंपणावरची वल्मायच्या हातची जाई. तोंडाला आलं ते बोलून गेले. तोही हसला. पण त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

विचार करायला वेळ हवा होता मला, इतकंच. नाही म्हणाले नव्हते.

१० मे

परत तेच. पाइकलेट मीच खाल्ले. 

१३ मे

जाऊन दार वाजवावं, असं दिवसातून दहादा वाटतं. मग वाटतं, मी का जाऊ? बंद त्यानं केलंय! चार शब्द बोलायचे तर बोल की तोंडानं. खटका दाबून कसलं बोलतोस?

मर्व्ह आला होता. आमच्या बागेतल्या गाड्यांच्या क्लबातला सर्वांत तोंडाळ माणूस. गाडी बंद म्हटल्यावर त्याला आनंदाचं भरतंच आलं. “अगं, तरी मी सांगत होतो! रुळांत वीज कसली सोडताय अजून? ओलं झालं की बंद, पान पडलं की बंद, गोगलगाय बसली की बंद! डब्यात बॅटरी घाल, हातात रिमोट घे. रूळ नुसते चाकाखाली. कुणाच्या बापाचं मिंधं राहायला नको.”

कारण मी त्याला सांगितलं नाही. “सांध्यात कुठेतरी बिघाड असेल,” म्हणाले. खोटं बोलायला तेवढंच सुचलं.

“सांधे आपलेही गेलेत आता,” मर्व्ह म्हणाला आणि स्वतःच खो खो हसला.

१७ मे

मर्व्हनं रिमोट आणून टेबलावर मांडले. बघ म्हणाला, निवड.

एक तर रिमोटच नाही — फोनवरच चालवायची गाडी. बागेत काम करणाऱ्या बाईच्या बोटाला माती असते, हे तो बनवणाऱ्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही. फोननं माझं बोट ओळखलंच नाही. दुसऱ्याला तीन जाड जाड बटणं — जोरात, हळू, थांब. हे मी हसून बाजूला सारलं, लहान पोरांचं खेळणं! तिसऱ्याला गोल नॉब, अगदी शेडमधल्या जुन्यासारखा. एका हातात धरायचा, दुसऱ्यानं फिरवायचा. नॉब थोडा फिरवला की गाडी थोडी सरकते. हातालाच कळतं. हाच घेतला.

बॅटरीवरही तासभर डोकेफोड. इंजिनात मावत नाही, म्हणून मागे एक बंद डबा कायमचा जोडायचा आणि त्यात ती ठेवायची. एकदा चार्ज केली की सकाळभर पळेल, पण थंडीत जरा लवकर दमते म्हणे. आमच्यासारखीच.

मर्व्हनं इंजिन उलटं करून चाकांमधून वीज घेणाऱ्या तारा कापल्या. “नाहीतर रुळात वीज असली की धूर काढशील!” त्या तारा रेनं जोडलेल्या. कापताना टक् टक् असा आवाज झाला. मी चहा करायला म्हणून आत गेले.

२६ मे

क्लबाचा गाड्यांचा रविवार. या वेळी मर्व्हकडे. नेहमीप्रमाणे ज्यानं त्यानं आपापली खाण्याची बशी आणायची — मी भोपळ्याचे स्कोन नेले. आणि नेहमीप्रमाणे तारवाले एका बाजूला, सेलवाले दुसऱ्या. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं! तारवाले म्हणतात, बॅटरीची गाडी म्हणजे खेळणं. सेलवाले म्हणतात, तुमचा अर्धा जन्म रूळ पुसण्यात गेला.

बेव्हन आला होता. इस्त्रीचा शर्ट. कॉलर एका बाजूला दुमडलेली, आणि ती नीट करायला हात शिवशिवत होता.

माझ्या हातात रिमोट. मर्व्हनं सगळ्यांसमोर बोंब ठोकली, “आपली ग्लेनिस आता सेलवाली झाली हो!” टाळ्या पडल्या. मी रेचं हिरवं इंजिन रुळावर ठेवलं, चालवलं. छान पळालं. बेव्हन बघत होता — इंजिनाकडे नाही, माझ्या हातातल्या रिमोटकडे.

मग जवळ आला. हळूच म्हणाला, “बरं केलंस. आता तुला कुणाची वाट बघायला नको.”

तूच तर बंद केलंस ना रे! — जिभेच्या टोकावर होतं. तेवढ्यात कुणीतरी दोघांच्या मध्ये लॅमिंग्टन केकची बशी धरली. त्यानं एक उचलला, मी एक उचलला. आणि तो मूठ मिटून तसाच, न खाता, फाटकाकडे निघून गेला.

२७ मे

रडले. भरपूर. रे गेल्यावरही इतकी रडले नव्हते, आणि हे लिहितानाही लाज वाटतेय.

म्हातारपणी प्रेमात पडणं हा निव्वळ गाढवपणा आहे. गुडघे दुखतात ते दुखतात, वर हे.

३० मे

ठरवलं — मान त्यानं फिरवली तर फिरवू दे. गाडी मी पाठवणार. आता त्याच्या विजेची गरजच नाही ना? मग बॅटरी तरी कशासाठी घेतली!

पाइकलेट भरले. नॉब फिरवला. गाडी कुंपणाच्या भोकातून पलीकडे गेली — त्याला न विचारता. चोरासारखं वाटलं. कुंपणावरून डोकवायचं नाही, हे माझ्याशीच ठरवलं होतं. आवाजावरून अंदाज घेतला, त्याच्या मागच्या पायऱ्यांशी थांबवली, वाट पाहिली, मग परत चालू केली.

डबा रिकामा आला! लिंबू नाही, काही नाही, पण रिकामा! म्हणजे खाल्ले. म्हणजे थोडा तरी निवळला. दिवसभर गुणगुणत होते. शेजारच्या मांजरालासुद्धा दूध घातलं.

३१ मे

पाठवले तसे परत आले. रुमालसुद्धा हललेला नाही.

१ जून

आजही तसेच! म्हणजे परवाचे मॅगपाय पाखरांनीच खाल्ले असणार, आणि मी खुळी गाणी म्हणत बसले. राहू दे उपाशी! मला काय गरज पडलीय? उद्यापासून बंद.

२ जून

बेव्हनला स्ट्रोक.

शेडमध्ये पडला होता. सकाळी त्याचं वर्तमानपत्र फाटकाशी तसंच दिसलं, खाली कालचंही. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. फाटक ढकलून गेले. जमिनीवर, कुशीवर. डोळे उघडे. माझ्याकडे बघितलं. तोंडातून शब्द नाही, नुसता घरघर आवाज. वर भिंतीवर त्याच्या पॉवर सप्लायचा लाल दिवा लागलेला. अंगावर माझा स्वेटर घातला, अँब्युलन्स येईपर्यंत हात चोळत बसले. हात बर्फ झाला होता.

डॉक्टर म्हणाले, बराच वेळ पडून होते.

बराच वेळ. म्हणजे काल, कदाचित परवाही, गाडी त्याच्या शेडच्या दारासमोरून गेली तेव्हा तो आत होता. गाडी थांबली, ते त्यानं ऐकलं असेल. परत गेली, तेही ऐकलं असेल. आणि मी इकडे रागानं रुमाल झटकत होते.

५ जून

उजवी बाजू गेली. बोलणं गेलं. समजतं किती, कुणी छातीठोक सांगत नाही.

त्याची लेक केरिन पर्थहून आली. माझ्या गळ्यात पडली. “ग्लेनिस आंटी, तुम्ही होतात म्हणून बाबा वाचले!”

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. 

११ जून

हे कसं लिहू?

केरिननं किल्ली दिली होती, झाडांना पाणी घालायला. शेडमध्ये गेले. तो लाल दिवा अजून तसाच! कुणी बंदच केला नव्हता. बंद करायला हात पुढे केला आणि तसाच राहिला. चालू का होता? त्यानं तर महिनाभर बंद ठेवलं होतं. बॅटरीच्या गाडीला त्याची वीज नको, हे त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मग त्या सकाळी चालू केलं कशाला?

घरी आले. रेचं दुसरं इंजिन — ज्याच्या तारा मर्व्हनं कापल्या नाहीत ते — माझ्या रुळावर ठेवलं, जुना नॉब फिरवला. कुंपणापर्यंत गेलं आणि थांबलं. नेहमीसारखं. पण आज मी गुडघे टेकून खाली बसले. गाडी कुंपणाशी थांबत नव्हती! हातभर अलीकडे थांबत होती. माझ्या बाजूला. कॅमेलियाच्या गळलेल्या फुलांचा खच बाजूला केला. खाली दोन रुळांना जोडणारी पितळी पट्टी हिरवी पडून कुजलेली. बोट लावताच तुकडा हातात आला.

इंजिन उचलून कुंपणापलीकडे त्याच्या रुळावर ठेवलं. सुर्रकन पळालं.

त्यानं कधी बंद केलंच नव्हतं. तो रोज सकाळी नॉब फिरवून माझ्या गाडीची वाट बघत उभा राहायचा. आणि मी अलीकडे, त्याच्या विजेची वाट बघत. त्याला वाटलं, कुंपणाचा विषय काढला म्हणून हिनं गाडी बंद केली. मग मी बॅटरी घेऊन क्लबात मिरवले. तेच माझं उत्तर, असं समजला. आणि तरी, त्यानंतरही, रोज जाऊन चालू करत होता!

असला गाढवपणा रुळात वीज सोडणारी माणसंच करू जाणोत. गाडी अडली तर माणूस सांधे तपासतो. मी मर्व्हला थाप मारली तीच खरी होती, आणि मला सुचली तरी मी वाकून बघितलं नाही.

१२ जून

सांधा बदलला. बैल गेला आणि झोपा केला.

१४ जून

त्याला सांगितलं. सगळं. पलंगाशी खुर्ची ओढून, कुजलेला तुकडा त्याच्या डाव्या तळहातावर ठेवून. “हे बघ, हे होतं. मी नव्हते रे. मी कधीच बंद केलं नव्हतं.”

तो तुकड्याकडे बघत राहिला. अंगठ्यानं त्याची हिरवी बाजू घासली. समजलं का? डोळ्यांत पाणी होतं, पण नर्स म्हणते, ते आपोआपही येतं.

त्या मेल्या नर्सला कुणी विचारलं होतं?

१९ जून

रिमोट निवडायचा आहे — त्याच्यासाठी.

हॉस्पिटलमधल्या व्यायामाच्या बाईंनी विचारलं, डाव्या हाताला काम हवं, त्यांना कसली आवड? मी म्हटलं, आवड? अहो, आमच्याकडे रेल्वे आहे! पुनर्वसनाच्या वॉर्डाला मागे लांब व्हरांडा आहे. “वायरी नाहीत ना जमिनीवर? मग चालेल,” बाई म्हणाल्या. ज्या बॅटरीनं घात केला, तीच इथे चालते.

माझा उजवा हात ॲप्रनच्या पट्ट्यात खोचला आणि मर्व्हकडचे परत मागवून स्वयंपाकघरात तिन्ही रिमोट डाव्यानं चालवून पाहिले. फोन सटकून पडला. माझा लाडका नॉबवाला — धरायला एक हात, फिरवायला दुसरा. एका हातानं जमेना, छातीशी दाबून पाहिला, हनुवटीनं पाहिला. नाहीच. आणि ते तीन जाड बटणांचं लहान पोरांचं खेळणं हातात बसलं. सगळं एकट्या अंगठ्यानं होतं.

मर्व्ह आला. एक अक्षर चेष्टा नाही. बटण जोरात दाबलं गेलं तरी गाडी हळूहळूच वेग घेईल, असं त्यानं आतून जुळवून दिलं. “थरथरत्या हाताला बरं,” म्हणाला. जाताना दारात थांबला. “ग्लेनिस, मी तुला त्या बॅटरीच्या नादाला लावायला नको होतं गं.”

“लावलं म्हणून आज चालणार आहे,” मी म्हणाले. त्याच्यासाठी म्हणाले.

२८ जून

व्हरांड्यात रूळ मांडले. छोटासा गोल. केरिननं त्याची व्हीलचेअर ढकलत आणली. गुडघ्यावर घोंगडी, कॉलर दुमडलेली — या वेळी मी नीट केली.

रिमोट हातात दिला. बराच वेळ नुसता धरून बसला. मग अंगठा हलला. रेचं हिरवं इंजिन सरकलं. एक चक्कर, दुसरी. इतर पेशंट आपापल्या चाकांवरून जमा झाले. एक आजोबा म्हणाले, “डब्यात बिअर ठेवा की!”

तिसऱ्या चक्करला गाडी माझ्या पायांशी आली आणि त्यानं थांबवली. अगदी माझ्या बुटांसमोर. चुकून नाही — चुकून असती तर पुढे गेली असती. मग डाव्या ओठानं हसला.

तेव्हाच सांगायला हवं होतं. हो म्हणायला हवं होतं. पण एवढी माणसं, केरिन बाजूला, आणि मी या वयात लाजले!

१ जुलै

केरिन त्याला पर्थला नेणार. पक्कं झालं. तिचं घर, तिची नोकरी, तिची मुलं तिकडे. चूक कसं म्हणू? इथे त्याला उचलायला, अंघोळ घालायला माझ्या हाडांत बळ नाही.

“तुम्ही या ना तिकडे, आंटी,” ती म्हणाली. मग गडबडली. “म्हणजे, भेटायला.”

पर्थ म्हणजे देशाचं दुसरं टोक. तिथवर कोणती गाडी पाठवू?

४ जुलै

ठरलं. उद्या निघताना सांगणार. कोण ऐकतंय ते बघणार नाही. पॉसम नको, गुलाब नको, थट्टा नको. नुसतं — हो, बेव्हन. तू विचारलंस त्याचं उत्तर हो. केरिन गडबडली तरी चालेल. घर विकून पर्थला जायला लागलं तरी जाईन. रेला समजेल. वल्मायलाही समजेल, ती असती तर तिनंच मला ढकललं असतं.

आरशासमोर म्हणून पाहिलं. आवाज चिरकतो. तरी म्हणणार.

५ जुलै

टॅक्सी दारात होती. मी तोंड उघडणार, तोच त्यानं डाव्या हातानं माझा हात धरला आणि बोलला! एवढ्या दिवसांत पहिल्यांदा, स्वच्छ, त्याच्या जुन्या आवाजात. थेट माझ्याकडे बघून.

“वल्माय,” म्हणाला, “तू येतेयस ना?”

केरिननं तोंड फिरवलं.

“हो,” मी म्हणाले. “आलेच.”

हो म्हणायचंच होतं. म्हटलं.